वडावरचं वटवाघूळ आणि विहिरीवरचं मॉस: साम्य काय लिहावं?

मीनल, वाई:
लेक अकरावी सायन्सला आहे. एक प्राणी, एक वनस्पती घेऊन तुलना लिहायची आहे. तिने हट्टाने आमच्या वडावरची मोठी वटवाघळं आणि विहिरीच्या कठड्यावरचं मॉस निवडलं. तिच्या सरांनी ते फ्युनारिया असल्याचं सांगितलं. फरकांची दोन पानं भरली. एकाचे पंख पसरले तर चार फूट, दुसरं बोटाच्या पेराएवढंही नाही. साम्यात मात्र 'दोघे सजीव' एवढंच आहे. मदत कराल?

निवृत्त मास्तर:
ताई, लेकीने जोडी छान निवडली आहे. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण ही जोडी मला सुचली नव्हती.

फ्युनारियाच्या नर पेशीला दोन शेपट्या असतात आणि ती पावसाच्या पाण्यातून पोहत अंडपेशीकडे जाते. वटवाघळाचा शुक्राणूही शेपटीनेच पोहतो. ज्या वडावर ती लटकतात, त्याच्या नर पेशींना पोहता येत नाही. त्यांना परागनलिका पोहोचवते. पोहण्याची रीत फार जुनी आहे, फुलं येणाऱ्या झाडांनी ती सोडली.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट आईची. वटवाघळाचं पिल्लू पहिले काही आठवडे आईच्या पोटाला बिलगून तिच्यासोबत उडतं. फ्युनारियाचा तांबूस देठ आणि टोकाची कुपी हीसुद्धा पुढची पिढीच. ती आईच्या, म्हणजे हिरव्या मॉसच्या, शेंड्यात पाय रोवते, तिच्याकडून अन्नपाणी घेते आणि शेवटपर्यंत सुटत नाही. फरक असा की आई गुणसूत्रांच्या एकाच संचावर जगते, लेकराकडे दोन असतात. वटवाघळात दोघांकडेही दोनच.

देठ सुकून पिळलेला दिसला की त्यावर तोंडाची वाफ सोडायला सांगा. तो फिरतो. हायग्रोमेट्रिका, म्हणजे ओलावा मोजणारी, हे जातीचं नाव त्यावरूनच पडलं.

रानवाट:
वटवाघळाचं नाव टेरोपस मेडियस असं लिहा, जुन्या पुस्तकांत जायगँटियस सापडेल. हे प्रतिध्वनीवर वाट काढत नाही, डोळ्यांनी आणि वासाने फळ शोधतं. प्रसारही लिहा: मॉसचे बीजाणू वारा नेतो, वड-उंबराच्या बिया हे वटवाघूळ. एवढं काम करणारा प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात उपद्रवींच्या यादीत होता. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. आणि कृपा करून वडाखाली फटाके वाजवू देऊ नका, घाबरून उडताना पिल्लं खाली पडतात.

मीनल, वाई:
सर, कठड्यावरचा पुंजका दुपारपर्यंत सुकू दिला. लेकीने अगदी जवळून वाफ सोडली आणि देठ खरंच वळला! आता शेजारच्या पोरांना बोलावून दाखवतेय. आईचा मुद्दा तिने सगळ्यात वर लिहिलाय.