अनुभव धागा : मेसेज पाठवून डेटसाठी विचारताना

आवडलेल्या व्यक्तीला ‘आपण दोघे भेटू या का?’ असे मेसेजवर विचारावे की समोरासमोर, हा वाद आता जवळपास निकालात निघाला आहे, कारण बहुतेकांचे पहिले विचारणे फोनच्या पडद्यावरच होते. वाद उरला आहे तो कसे विचारावे याचा. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहिणाऱ्यांना त्याला धरून किंवा त्याच्या विरोधात लिहिता येईल. मेसेजचा खरा उपयोग विचारणाऱ्याचा संकोच झाकण्यासाठी नसून, जिला किंवा ज्याला विचारले जाते त्या व्यक्तीला अवघडल्याशिवाय नकार देता यावा यासाठी आहे. आणि ज्या मेसेजला नकार देणे सोपे असते त्याला होकार देणेही सोपे जाते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर आवर्जून लिहावे. विचारणाऱ्यांपेक्षाही ज्यांना विचारले गेले त्यांचे अनुभव मला अधिक हवे आहेत, कारण या विषयावर सल्ले देणारे बहुधा विचारणारेच असतात. पथ्ये दोनच आहेत: कोणाचे नाव लिहू नये, आणि दुसऱ्याने पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडू नये, आशय आपल्या शब्दांत सांगावा.

०००

मी विचारले तेव्हा मेसेज म्हणजे एसएमएसच असे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत, देवनागरीची मात्र केवळ ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सारे स्वतंत्र धरले जाई; त्यामुळे आमच्यातील बहुतेक जण रोमन लिपीतच मराठी लिहीत. मला हे एक वाक्य तसे लिहवेना, म्हणून जे सांगायचे ते सत्तरात बसवले: ‘शनिवारी नाटकाला येशील? आपण दोघेच. नाही म्हटलेस तरी राग नाही.’ प्रस्तावनेला, तिच्या स्तुतीला किंवा माझ्या मनःस्थितीच्या वर्णनाला जागाच उरली नाही, हे फार बरे झाले. तिने होकार दिला. पुढे कधीतरी ती म्हणाली की मी फक्त दोघांनाच जायचे आहे हे स्पष्ट लिहिले नसते, तर आणखी कोण कोण येणार आहे असे विचारून तिने वेळ काढला असता. संदेश पोहोचल्याची पोच तेव्हाही मागवता येत असे, पण तो वाचला की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्यामुळे वाट पाहणे आजच्यापेक्षा पुष्कळ शांतपणे होत असे.

०००

मला आलेल्या मेसेजपैकी सर्वांत जास्त वैताग आणणारा प्रकार उद्धट मेसेजचा नाही, तर ‘शनिवारी मोकळी आहेस का?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा आहे. विचारणाऱ्याला तो सभ्य वाटतो, कारण त्याने अजून काही मागितलेलेच नसते. मला मात्र कशासाठी हे कळण्याआधीच उत्तर ठरवावे लागते. मोकळी आहे असे कळवले की पुढे जे काही येईल त्याला नकार देण्यासाठी निमित्त उरत नाही, आणि मोकळी नाही असे कळवले तर कदाचित मला आवडली असती अशी भेट विचारण्याआधीच बुडते. त्यामुळे मी आता ‘काय बेत आहे?’ एवढेच उलट विचारते. काही जण त्यावर गडबडून ‘काही नाही, सहज विचारले’ असे लिहितात आणि विषय तिथेच संपतो.

याउलट एकाने असे लिहिले होते: ‘आपण परवा जुन्या छायाचित्रांबद्दल बोललो, त्यांचे एक प्रदर्शन या रविवारपर्यंत आहे. ते तुझ्याबरोबर पाहायला मला आवडेल. डेट म्हणूनच विचारतो आहे. तुला तसे वाटत नसेल तर मोकळेपणाने सांग.’ कुठे, केव्हा आणि कोणत्या हेतूने हे सारे त्यात होते, आणि आमच्या बोलण्याचा धागाही त्याने नेमका पकडला होता. मी नकार दिला, कारण मला खरोखरच तसे वाटत नव्हते. पण तो नकार मला लगेच आणि खोटे कारण न शोधता लिहिता आला, आणि आमच्या मैत्रीत त्यानंतर अवघडलेपण आले नाही. यशस्वी मेसेज म्हणजे होकार मिळवणारा मेसेज अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा मेसेज कोणत्या रकान्यात टाकायचा ते ठरवावे.

०००

(धागाकर्तीकडून: वरच्या अनुभवावर ‘मग आधी गप्पाच मारायच्या नाहीत का?’ अशी विचारणा झाली आहे. अवश्य माराव्यात. आक्षेप गप्पांना नाही, विचारणे गप्पांच्या आड लपवण्याला आहे.)

०००

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय २०१७ पासून आहे, पण डिलीट केल्याची नोंद मागे राहते आणि समोरच्याने तो तोवर नोटिफिकेशनमध्ये वाचलेलाही असू शकतो. माझ्याबाबतीत तेच झाले. एका सहकारी मैत्रिणीने मला रात्री मेसेज पाठवून एकट्याने भेटायला येशील का असे विचारले, आणि मी तो वाचतो न वाचतो तोच तिने तो काढून टाकला. माझे उत्तर होकारार्थी होते. तरीही मी वाचले आहे हे तिला सांगावे की नाही याचा निर्णय मला लवकर करता आला नाही, कारण डिलीट करणे ही केवळ घबराट होती की पुरता विचार करून मागे घेतलेला प्रश्न होता, हे मला ओळखता येईना. शेवटी मी ठरवले की मागे घेतलेल्या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे तिने बंद केलेले दार बाहेरून ढकलण्यासारखे आहे, आणि मी काहीच बोललो नाही. माझ्या मित्रांपैकी निम्म्यांना हा समजूतदारपणा वाटतो आणि उरलेल्यांना शुद्ध मूर्खपणा. आता मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्तही करता येतो. तेव्हा ज्यांना शब्दांबद्दल शंका आहे त्यांनी शब्द बदलावेत, पण विचारलेले असे अर्धवट पुसू नये.

०००

मेसेजवर विचारणे हा भित्रेपणा आहे असे म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार केलेला नसतो. मी बोलताना अडखळतो. ओळखीच्या माणसांत ते फारसे जाणवत नाही, परंतु मनावर ताण आला की एखाद्या अक्षरावर अडकून बसतो, आणि फोनवर तर समोरच्याला माझा चेहराही दिसत नसल्यामुळे ती शांतता म्हणजे संकोच, लपवाछपवी किंवा तुटलेला कॉल यांपैकी काहीही वाटू शकते. मेसेजमध्ये माझे वाक्य मला हवे तसे, पूर्ण आणि वेळेवर पोहोचते. मी तिला विचारले तेव्हा तिने ‘फोनवर बोलू या का?’ असे उत्तर पाठवले. मी तिला लिहिले की बोलू या, पण मी अडखळतो, तेव्हा मध्येच शांतता पडली तर फोन ठेवू नकोस. तिने ठेवला नाही. प्रत्यक्ष भेटीत माझे अडखळणे तिला ठाऊक होते आणि ते तिला ठाऊक आहे हे मलाही माहीत होते, त्यामुळे ती गोष्ट सांगण्याचा योग्य क्षण कोणता, या चिंतेत संध्याकाळ वाया गेली नाही. अडखळणाऱ्यांनाच नव्हे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही लेखी विचारणे हा दुय्यम पर्याय वाटत नसावा, असा माझा अंदाज आहे.

०००

मी स्त्री आहे आणि मला एका मैत्रिणीला विचारायचे होते. आमची अडचण वेगळी असते: दोन स्त्रिया एकत्र फिरायला गेल्या, पुस्तके पाहायला गेल्या, तरी ती डेट आहे असे कोणी समजत नाही, आणि कधी कधी त्या दोघींपैकी एकीलाही तसे वाटत नसते. आम्ही अशा बऱ्याच भेटी करून बसलो होतो. मग मी लिहिले की आजवर भेटलो ते मैत्रिणी म्हणून, पुढची भेट मला तशी नको आहे, आणि तुला ती तशीच हवी असेल तर तेही मला मनापासून चालेल. समोरासमोर हे विचारले असते तर तिला आपल्याबद्दलचे काहीतरी फार खाजगी त्याच क्षणी, माझ्या डोळ्यांसमोर उघड करावे लागले असते. मेसेजमुळे तिला एक रात्र मिळाली. सकाळी तिचे उत्तर आले: डेट म्हणूनच येईन, पण इतक्यात कोणाला सांगू नकोस.

०००

मी पन्नाशीच्या पुढचा आहे, घटस्फोटित आहे, आणि मला धागाकर्तीचे मत मान्य नाही. मेसेजमुळे नकार सोपा होत नाही, तर नकार देण्याची गरजच संपते. लोक उत्तरच देत नाहीत. निळ्या खुणा दिसतात, ती व्यक्ती ऑनलाइन दिसते, आणि आपण आपल्या वयाला न शोभणाऱ्या रीतीने पुन्हा पुन्हा फोन हातात घेतो. त्या खुणा बंद करता येतात हे खरे, पण मग दुसऱ्यांच्याही आपल्याला दिसत नाहीत, आणि तेवढा संयम माझ्याजवळ नाही. मी आता मेसेजवर फक्त फोन करू का, एवढेच विचारतो आणि मुख्य प्रश्न फोनवर विचारतो.

०००

मला वरच्या कोणत्याही अनुभवात न आलेली बाजू मांडायची आहे. माझ्या कामाचे मूल्यमापन ज्यांच्या हातात होते त्या वरिष्ठांनी मला मेसेज पाठवून बाहेर भेटण्याविषयी विचारले. मेसेज अतिशय सभ्य होता. दिवस, ठिकाण, हेतू, सारे स्पष्ट होते, आणि ‘नाही म्हणालात तरी काही फरक पडणार नाही’ हेही लिहिले होते. म्हणजे येथे ज्याला आदर्श मेसेज म्हटले जात आहे, जवळपास तसाच. तरीही मला तो नाकारणे सोपे गेले नाही, कारण फरक पडणार नाही हे ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे होता आणि फरक पडला असता तर तो मला भोगावा लागला असता. मी नकार लिहिला, तो चारदा वाचून त्यातला प्रत्येक शब्द मवाळ केला, आणि पुढे कित्येक महिने प्रत्येक बैठकीत त्यांच्या स्वरात काही बदल झाला आहे का हे तपासत राहिले. बदल झाला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण तपासत मी राहिले, ते नव्हे. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी, गुण किंवा शिफारस असते, तिथे कितीही नीट लिहिलेला मेसेज पाठवूच नये, असे माझे मत आहे.

(धागाकर्तीकडून: हे मला पूर्णपणे मान्य आहे. नकार सोपा करणे शब्दांच्या हातात असते ते बरोबरीच्या नात्यात. बाकी ठिकाणी नसते.)

०००

थोडक्यात लिहितो. मेसेज मित्रमंडळींच्या समितीकडून किंवा हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेऊ नये. मला असा एक आला होता. एरवी शुद्धलेखनाच्या गंमतीदार चुका करणारी मुलगी एकाएकी स्वल्पविराम नेमके देऊ लागली, तेव्हा मी तिला विचारले की हे कोणी लिहिले. तिने कबूल केले आणि मग स्वतःच्या शब्दांत पुन्हा विचारले. दुसरा मेसेज अर्धा होता आणि दुपटीने चांगला होता. मी गेलो.

०००

होकार मिळाल्यानंतर काय करावे, याबद्दल कोणी लिहिले नाही. माझ्या ओळखीत अशी कितीतरी प्रकरणे आहेत की होकार आला, दोघेही खूश झाले, आणि मग रोजच्या मेसेजमध्येच सारे सांगून संपले, भेट मात्र झालीच नाही. मी होकार मिळताच तेवढ्यातच दिवस, वेळ आणि ठिकाण ठरवून घेते, पहिली भेट लोकांची ये-जा असलेल्या जागी आणि तासा-दोन तासांचीच ठेवते, आणि कुठे, कोणाबरोबर जात आहे हे घरातल्या एकाला कळवते. ‘या आठवड्यात जमणार नाही’ असे उत्तर आले आणि त्यासोबत दुसरा दिवस सुचवलेला असला, तर मी तो होकार धरते. दुसरा दिवस सुचवलेला नसला तर नकार धरते आणि पुन्हा विचारत नाही. ज्याला यायचे असते तो दिवस स्वतः सुचवतो.