मंडईला मेट्रो आली म्हणून बस हलवायची? आधी थांबे नीट बांधा

थांबेकरी
कालची पोस्ट: ‘सप्टेंबर २०२४ पासून पुण्यात मंडईला मेट्रो थांबतेय, आता बाजीराव रोड-शिवाजी रोडवरची बसची धुडं हलवा.’ म्हणजे स्वारगेटहून शनिपारला जाणाऱ्या आजींनी आधी जमिनीखाली उतरायचं, मग वर यायचं, वर पिशव्या घेऊन चालायचं. वा!

धूड रस्ता अडवतं ते थांब्यावर, कारण थांबाच चुकीचा आहे. १२ मीटरच्या बसला बस-बेमध्ये, म्हणजे थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला कापलेल्या खाचेत, सरळ लागायला आत-बाहेरचे तिरके भाग धरून चाळीसेक मीटर लागतात. आपण देतो १५-२०, त्यातही तोंडाशी रिक्षा. मग बसचं तोंड आत, शेपूट रस्त्यात, आणि निघताना कोणी वाट देत नाही. उलटं करा: फुटपाथच पार्किंगच्या पट्ट्याएवढा, सव्वादोन मीटर, पुढे काढा. बस आपल्या लेनमध्येच सरळ उभी राहते, तशीच निघते. दोन बससाठी ३० मीटर लांबी, आणि थांबा सिग्नलच्या पुढे. पण चौकाला चिकटून नको, तिसरी बस आली की तिचं शेपूट चौकात राहतं.

पेठकर_नाराज
लेन दोनच. बस उभी राहिली की मागे सगळी वरात. कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग २००६ साली झाला, नगर रोडची तर बांधून उखडली. आता पेठांवर प्रयोग?

थांबेकरी
मी बीआरटी हा शब्द तरी लिहिलाय का? मार्गिका नाही, दुभाजक नाही, फक्त फुटपाथचा आकार. वरात आजही असतेच. दोन लेन कागदावर, एकीत पार्किंग.

डांबरशास्त्री
दोघंही हवेत बोलताय. बस कडेला लागत नाही याचं खरं कारण ड्रेनेजची झाकणं. दर वेळी जुना थर न खरवडता वर ४० मिमी डांबर. तीन थरांत १२० मिमी. फुटपाथचा १५० मिमीचा कठडा ३० वर येतो, पाणी दुकानात आणि झाकण खड्ड्यात. झाकणं नेमकी डाव्या चाकाच्या वाटेवर, म्हणून चालक मीटरभर लांब उभा राहतो. लो-फ्लोअर बसची पायरी ४०० मिमीवर. कठडा शाबूत असता तर २५० चढायचं होतं, आता कठड्यावरूनही ३७०, आणि बस लांब म्हणून रस्त्यावर उतरलात तर पूर्ण ४००.

पेठकर_नाराज
चालकांची वकिली पुरे. झाकण नसतं तिथेही ते मधेच थांबवतात.

डांबरशास्त्री
तिथे दुचाकी उभ्या असतात, म्हणून! वकिली नाही, एका चाकावर टनावारी वजन आहे. झाकण वर घेतानाही फसवणूकच. चौकट उचलायची, खाली विटांचे तुकडे, भोवती साधं काँक्रीट, आणि त्याच रात्री वाहतूक सोडायची. आठवड्यात चौकट खडखडते. लवकर घट्ट होणारं मिश्रण घाला, ३ मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून पातळी बघा. आणि थांब्यापुढे पेव्हर ब्लॉक तर मुळीच नको, ब्रेकच्या जोराने खालची वाळू सरकते. तिथे एम-४० दर्जाचं काँक्रीट, साधारण २५ सेंमी.

लक्ष्मीरोडवाला
धागा बसचा होता की झाकणांचा? फुटपाथ पुढे काढलात तर टेम्पो कुठे लावायचा? आणि गणपतीत मांडव?

थांबेकरी
टेम्पोला थांब्याच्या अलीकडे किंवा पलीकडे १० मीटरचा वेगळा पट्टा, वेळ ठरवून. आज तो बस-बेमध्येच लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. मांडवाचा मुद्दा मात्र खरा. निवाऱ्याचे खांब काँक्रीटमध्ये पुरू नका, तळपट्टी आणि बोल्टवर उभे करा, रेलिंग खाचेत. काढता येतं.

लक्ष्मीरोडवाला
काढता येतं म्हणे! बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, मग गॅस कटरच.

थांबेकरी
गॅल्व्हनाइज्ड घ्या, ग्रीस लावून टोपी बसवा. साहेब, बोल्टवरून तरी भांडू नका.

पेठकर_नाराज
बरं, थांबा पुढे काढला. कडेचं पावसाचं पाणी कुठे जाणार? तुमच्या त्या ओट्यामागे तळं.

डांबरशास्त्री
हा प्रश्न पहिल्यांदा बरोबर विचारलात. मूळ कठड्याच्या रेषेत चर तसाच ठेवायचा, वर जाळी, ओटा त्याच्या पुढे. जाळी उचलता येणारी, अर्ध्या मीटरच्या तुकड्यांची. सलग घातली तर सफाईवाल्याला उचलत नाही, आणि कचरा अडकला की मग तळंच.

पेठकर_नाराज
म्हणजे तुमची सगळी योजना जाळी साफ होण्यावर उभी. धन्य आहे. एक थांबा करून बघा, शनिपारपाशी. पण झाकणं आधी.

डांबरशास्त्री
मी तरी काय वेगळं म्हणत होतो?