एका तासात ‘संशयकल्लोळ’: काय ठेवावे, काय गाळावे?

नवीतालीम (प्रश्न)

नमस्कार. महाविद्यालयीन स्पर्धा संपल्यावरही एकत्र काम करत राहायचे, या हेतूने पुण्यातील आम्ही काही जणांनी एक छोटी नाट्यसंस्था सुरू केली आहे. आमच्यातले बहुतेक जण पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडकांच्या तालमींत वाढलेले असल्यामुळे एकांकिकेचा हात बसलेला आहे. जुन्या संगीत नाटकाशी मात्र प्रेक्षक म्हणूनच काय तो संबंध आला आहे. येत्या हिवाळ्यात शहरात फ्रिंजच्या (छोट्या, प्रायोगिक प्रयोगांच्या महोत्सवाच्या) धर्तीवर एक लहान नाट्यमहोत्सव होणार असून, त्यात गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ हे विनोदी संगीत नाटक करावे असे आमच्या दिग्दर्शिकेने मनावर घेतले आहे.

अडचण वेळेची आणि जागेची आहे. प्रत्येक संस्थेला एकूण ७५ मिनिटे मिळणार आहेत. त्यांतील ६० मिनिटे प्रयोगाची आणि उरलेली मांडामांड व आवराआवर यांची. जागा शंभरएक प्रेक्षकांची, प्रेक्षक तीन बाजूंना बसणार, पहिली रांग नटांपासून हातभर अंतरावर. विंगा नाहीत, दर्शनी पडदा नाही, ध्वनिक्षेपकही वापरायचा नाही.

पाच अंकांचे नाटक एका तासात आणताना कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. पदांविषयी, म्हणजे नाटकातल्या गाण्यांविषयी, संस्थेत सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की पदे काढली तर ते ‘संशयकल्लोळ’ राहणारच नाही. दुसऱ्या तटाला भीती वाटते की तासाभराच्या प्रयोगात पद सुरू झाले की विनोदाची गती बसेल. शिवाय फाल्गुनरावाची बायको कृत्तिका खिडकीतून रस्त्याकडे पाहते तो प्रसंग सपाट जमिनीवर, उंची नसलेल्या खोलीत कसा दाखवावा, हेही सुचत नाही. ज्यांनी जुनी नाटके लहान जागेत केली किंवा पाहिली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

तिसरीघंटा

संक्षेप म्हणजे पाप, हे दडपण आधी डोक्यातून काढावे. या कथानकाचे मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या ‘स्गानारेल’ या प्रहसनात आहे आणि ते एकाच अंकाचे आहे. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक रचले आणि देवलांनी मर्फीचा आधार घेतला. म्हणजे वाढवत नेलेली गोष्ट तुम्ही पुन्हा तिच्या जुन्या मापाजवळ नेत आहात. मात्र मापाजवळ नेताना तिचे यंत्र मोडता कामा नये.

हे यंत्र फार नेमके आहे. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमके तेवढेच कृत्तिकेला दिसते. रेवतीच्या हातून तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे जाते आणि आपण रेवतीला दिलेली वस्तू या गृहस्थाकडे आली कशी, या प्रश्नाने अश्विनशेठही संशयात पडतो. चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले आहे, फक्त त्याच्या आधीचे आणि नंतरचे त्याने पाहिलेले नाही. प्रेक्षकाने मात्र सगळे पाहिलेले असते, आणि हशा येतो तो या फरकातून.

म्हणून संहितेला कात्री लावण्याआधी एका मोठ्या कागदावर चार पात्रांचे चार रकाने आखावेत आणि प्रत्येक प्रवेशाच्या अखेरीस कोणाला काय कळले, कोणाचा काय समज झाला, ते लिहावे. ज्या प्रवेशानंतर एकाही रकान्यात काही नवे पडत नाही, तो प्रवेश कितीही गोड असला तरी गाळण्याजोगा आहे. ज्या प्रवेशात समज बदलतो, तो मात्र आतून फारसा कापू नये. नवे लोक संक्षेप करताना विनोदाचे वाक्य ठेवतात आणि त्याआधीची चार साधी वाक्ये ‘माहितीवजा’ म्हणून उडवतात; मग विनोदाचे वाक्य येते आणि सभागृह गप्प राहते. फाल्गुनराव आणि त्याचा नोकर भादव्या यांच्या प्रवेशांत तर ही चूक हमखास होते, कारण तिथला विनोद मालकाच्या घाईत आणि नोकराच्या संथपणात आहे. नोकराची वाक्ये कमी केली की मालकाला चिडायला कारणच उरत नाही.

वाचनाला साठ मिनिटे लागणारी संहिता साठ मिनिटांच्या प्रयोगासाठी घेऊ नये. हशालाही वेळ लागतो, आणि तो थांबण्याची वाट नटाला पाहावीच लागते. नुसत्या वाचनात पन्नास मिनिटांच्या आत बसेल तेवढेच ठेवावे.

अभिनयाबाबत एकच सांगतो. हातभर अंतरावरच्या प्रेक्षकाकडे पाहून भुवया उडवण्याचा मोह होईल, तो आवरावा. फाल्गुनरावाला स्वतःला त्याचा संशय मुळीच विनोदी वाटत नाही.

काळीचार

पदांच्या बाजूने असूनही मी सांगते की दुसऱ्या तटाचे म्हणणे अगदीच वावगे नाही. देवलांनी हे नाटक आधी गद्य स्वरूपात लिहिले होते. पदांसह ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती असा तो संच होता, म्हणजे गद्य आणि गाणे दोन्ही सारख्याच ताकदीचे. तुमच्या संचात ती परिस्थिती नसेल, तर पदांची संख्या कमी करण्यात काहीच कमीपणा नाही.

तरी सगळी पदे काढू नयेत. दोन किंवा तीन ठेवावीत, आणि ती अशा जागी असावीत जिथे पात्राला बोलून भागत नाही: अश्विनशेठच्या प्रेमासाठी ‘मृगनयना रसिकमोहिनी’ आणि रेवतीच्या दुखावलेपणासाठी ‘संशय का मनीं आला’. मुखडा आणि एक अंतरा पुरे. ताना, आलापी आणि तिहाया यांना या प्रयोगात जागा नाही. वन्स मोअर आला तर नमस्कार करून पुढचे वाक्य घ्यावे. पुणेकर रसिक थोडे कुरकुरतील, पण तुमच्या मागून येणारी संस्था दुवा देईल.

गती बसते ती बहुधा पदामुळे नव्हे, पदाआधीच्या पोकळीमुळे. वाक्य संपते, नट उभा राहतो, पेटीवाला सूर देतो, नट सूर घेतो, आणि तेवढ्यात प्रेक्षक नाटकाबाहेर जातो. यावर उपाय असा की पदाआधीची शेवटची दोन वाक्ये सुरू असतानाच पेटीने षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, हलका धरून ठेवावा आणि नटाने वाक्याच्या अखेरच्या श्वासातून थेट मुखड्यावर यावे. याची तालीम गाण्याच्या तालमीत न करता गद्याच्या तालमीत करावी. स्वर नटाच्या गळ्याप्रमाणेच ठरवावा. ध्वनिमुद्रिकेतली पट्टी गाठण्याच्या हट्टापायी चांगले गळे किंचाळताना मी ऐकले आहेत. ऑर्गन मिळाला तरी त्या खोलीत आणू नये, पेटी पुरेल. तबला प्रेक्षकांपासून दूरच्या कोपऱ्यात ठेवावा आणि डग्ग्यावर पातळ कापड टाकून पाहावे, कारण ध्वनिक्षेपकाविना गाणारा नट तबल्याखाली सहज दबतो.

पेठेतलाप्रेक्षक

तिसरीघंटा यांच्या रकान्यांच्या पद्धतीला माझा एक आक्षेप आहे. त्या पद्धतीने पाहिले तर रेवतीच्या घरचे प्रवेश आधी गळतील, कारण त्यांत तसबिरीचे गणित फारसे पुढे सरकत नाही. पण रेवती नायकिणीच्या घरातली मुलगी आहे, ही गोष्ट प्रेक्षकाच्या मनात पक्की नसेल तर अश्विनशेठचा संशय केवळ एका प्रियकराचा रुसवा ठरतो. तो तसा नाही. ज्या नाटकात ‘ही बहु चपल वारांगना’ असे पद आहे, त्या नाटकात रेवतीवरच्या संशयाला तिच्या जन्माची पार्श्वभूमी आहे. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, ते त्याच्या स्वभावामुळे. अश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा मात्र समाजाने आधीच तयार ठेवलेला समज त्याच्या मदतीला येतो. तरुण संस्थेने आज हे नाटक करायचे असेल, तर मला तरी हा भाग गाळलेला चालणार नाही. एक प्रवेश लहान करून का होईना, ठेवावा, आणि त्यात हशाची अपेक्षा धरू नये.

तिसरीघंटा

आक्षेप मान्य आहे. रकान्यांना पाचवा रकाना प्रेक्षकाचा जोडावा, म्हणजे तो प्रवेश आपोआप टिकेल.

नेपथ्यवाला

खिडकीसाठी उंची शोधत बसू नये. प्रेक्षक तीन बाजूंना आहेत, तर कृत्तिकेला मधल्या बाजूच्या शेवटच्या रांगेमागे उभे करावे, हातात खिडकीची रिकामी लाकडी चौकट द्यावी आणि तिच्यावर एकच दिवा असावा. खाली रेवती पडते, फाल्गुनराव सावरतो आणि मागून कृत्तिकेचा आवाज येतो. प्रेक्षकांच्या माना वळतात, आणि त्या क्षणी प्रेक्षकही तिच्याच बाजूने रस्त्याकडे पाहू लागतो. तिथून ती रांगांमधूनच खाली येऊन तसबीर उचलू शकते.

तसबिरीकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण तुमच्या नाटकात तीच खरी नायिका आहे. फार लहान केली तर तिसऱ्या रांगेला चेहरा दिसत नाही, फार मोठी केली तर ती रेवतीच्या हातून नकळत पडू शकते यावर विश्वास बसत नाही. उघड्या पंजाएवढी असावी. काच लावू नये. एक तर ती पडून फुटेल, आणि दुसरे म्हणजे तीन बाजूंच्या प्रेक्षकांपैकी एका बाजूला दिव्याची तिरीप लागून नुसता पांढरा चौकोन दिसेल. जाड माउंटबोर्डावर चकाकी नसलेल्या कागदाचे छायाचित्र चिकटवावे, भोवती खरी लाकडी पट्टी लावावी, म्हणजे पडताना आवाज येतो आणि तो आवाज तुम्हाला हवाच आहे. तंतोतंत तशी दुसरी प्रत सामानाच्या पेटीत ठेवावी. चेहरा अश्विनशेठ करणाऱ्या नटाचाच हवा. त्याने ऐन वेळी मिशी काढली तर छायाचित्रही नवे काढावे लागेल, हे त्याला आजच सांगून ठेवावे.

मांडामांडीसाठी बाकी नेपथ्य दोन खुर्च्या आणि एक बाक इतपतच ठेवावे. सगळ्या संचाने तालमीच्या हॉलमध्ये घड्याळ लावून मांडणे आणि आवरणे यांचीही तालीम करावी, आणि कोण काय उचलणार हे नावानिशी ठरवावे.

कागदपत्र

परवानगीचे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. देवलांचे निधन १९१६ साली झाले आणि आपल्याकडे लेखकाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे मूळ नाटकाला मानधन देण्याचा प्रश्न नाही. अलीकडे कोणी केलेली संक्षिप्त रंगावृत्ती किंवा नवे संगीत वापरणार असाल, तर त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यावी. प्रयोगाच्या प्रमाणपत्रासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तुमची संक्षिप्त संहिताच सादर करावी, जुने छापील पुस्तक नव्हे. म्हणून कापाकापी लवकर संपवावी आणि प्रमाणपत्र कोणाच्या नावाने घ्यायचे, हे आयोजकांना आताच विचारून घ्यावे.

नवीतालीम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रकाने आखायला आजच बसत आहोत, आणि रेवतीच्या घरचा एक प्रवेश राहील हे ठरले आहे. काळीचार यांना एक विचारायचे आहे: आमच्या रेवतीचा गळा काळी चारचा आणि अश्विनशेठचा पांढरी एकचा आहे, म्हणजे दोघांचा ‘सा’ पेटीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर आहे. दोघांची पदे लागोपाठच्या प्रवेशांत आली, तर मधल्या गद्यात षड्ज बदलताना खटकणार नाही ना, की दोन पेट्या ठेवाव्यात?

काळीचार

एकच पेटी ठेवावी. दोन पदांमध्ये भादव्याचा प्रवेश येईल अशी मांडणी करावी आणि त्या प्रवेशात पेटी पूर्ण बंद ठेवावी. दोन मिनिटांच्या गद्यानंतर कानाला जुना षड्ज आठवत नाही.