मदत हवी आहे: सिंधुदुर्ग किल्ल्याचा बोलका नकाशा, आयफोनवर ऑफलाइन आवाज येत नाही

नमस्कार मंडळी,

मालवणात आमचा घरगुती होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी किल्ल्याचा बोलका नकाशा करतोय. मोबाइलवर पान उघडायचं, दूधबाव, दहीबाव, साखरबाव (या किल्ल्यातल्या विहिरी), शिवराजेश्वराचं देऊळ यांपैकी कशावरही बोट ठेवलं की आजोबांच्या आवाजात तिथली गोष्ट सुरू होते आणि ते जी ओळ बोलतात ती खाली रंगते. आजोबा अस्सल मालवणीत बोलतात ("सगळीकडे खारा पाणी, पण ह्या बावीत गोडा"), त्यामुळे घाटावरच्या पाहुण्यांना खालच्या ओळी लागतातच. सध्या पावसामुळे किल्ल्याच्या होड्या बंद आहेत, तेवढ्यात हे उरकायचंय.

नकाशा एसव्हीजीमध्ये (रेषांच्या चित्राचा वेब फॉरमॅट) आहे, बाकी साधं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क काही नाही. निवेदन एमपीथ्री, ऑडिओ टॅगने वाजतं. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ओळीओळीला लेबल लावून वेळांची टेक्स्ट फाइल काढली आणि तिचं जेसन (स्क्रिप्टला वाचता येईल अशी यादी) केलं. मागे समुद्राची गाज आहे, ती वेब ऑडिओने (ब्राउझरमधली आवाज हाताळायची सोय). कारण आजोबा बोलायला लागले की गाज हळू व्हायला हवी, आणि आयफोनवर ऑडिओ टॅगचा व्हॉल्यूम स्क्रिप्टने बदलता येत नाही. तिथे वेब ऑडिओचा गेन नोडच (आवाज कमीजास्त करणारा भाग) लागतो.

अडचणी अशा. तटाच्या आत गेलं की नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून सर्व्हिस वर्कर (नेट नसताना साठवलेल्या फाइली पुरवणारी स्क्रिप्ट) लावला. एखादी गोष्ट एकदा वाजली की ती फाइल कॅशमध्ये (फोनवरच्या साठ्यात) जावी असं लिहिलंय. पण आयफोन विमान मोडवर टाकला की नकाशा दिसतो, ओळी दिसतात, आवाज मात्र नाही. दुसरं, ओळ रंगायला किंचित उशीर होतो. आजोबा पुढच्या वाक्यावर गेलेले असतात आणि रंग अजून मागच्यावरच. टाइमअपडेट इव्हेंट (आवाज कुठवर आला हे ब्राउझर कळवतो तो) वापरतोय. तिसरं, काही आयफोनवर आजोबा ऐकू येतात आणि गाज येतच नाही. बहिणीच्या फोनवर येत नाही, तिच्या नवऱ्याच्या फोनवर येते. मॉडेल एकच!

(चुलतभावाने पूर्वी फ्लॅशमध्ये असाच नकाशा केला होता. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा आधार बंद केला आणि ते काम तिथेच संपलं. रफल (जुन्या फ्लॅश फाइली चालवणारा एम्युलेटर) वापरून जुनी फाइल चालवा असं कृपया सुचवू नका, त्यात ओळीही नाहीत आणि आजोबाही नाहीत.)

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, सोपं आहे. बहिणीच्या आयफोनच्या कडेचं सायलेंटचं बटण बघा. ते सायलेंटवर असेल तर वेब ऑडिओचा आवाज बंद होतो, ऑडिओ टॅगचा होत नाही. देवळात जाणारा माणूस फोन सायलेंट करणारच, म्हणजे हे नेहमीचंच होणार. माझं मत विचाराल तर गाज वेगळी वाजवूच नका. ऑडॅसिटी हाताशी आहे, तिथेच निवेदनाखाली हळू मिसळून टाका. एक ट्रॅक, एक टॅग, गेन नोडची भानगडच नको.

उशिराचं कारण म्हणजे टाइमअपडेट ठरावीक ठेक्यात येत नाही, बऱ्याच ब्राउझरांत सेकंदाला जेमतेम चार वेळा येतो. पाव सेकंद डोळ्याला कळतो. प्ले झाल्यावर रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमचं (स्क्रीन दर वेळी रंगवण्याआधी ब्राउझर चालवतो ते) चक्र सुरू करा, प्रत्येक फेरीत करंट टाइम वाचा, जेसनमधून ओळ शोधा. ओळ बदलली असेल तरच रंगाचा क्लास बदला, नाहीतर बॅटरी उगाच खाल. पॉज झालं की चक्र थांबवा.

प्रतिसाद २

ऑफलाइनचं मी सांगते, यात मीही बरीच डोकेफोड केलीय. सफारी ऑडिओची अख्खी फाइल एकदम मागत नाही. आधी पहिले दोन बाइट मागते, म्हणजे रेंज रिक्वेस्ट (फाइलच्या तुकड्याची मागणी), आणि उत्तर २०६ ("हा मागितलेला तुकडा") यावं अशी तिची अपेक्षा असते. तुमचा सर्व्हिस वर्कर कॅशमधली पूर्ण फाइल २०० ("ही अख्खी फाइल") म्हणून पुढे करतो, ती सफारी नाकारते. क्रोम चालवून घेतो.

दुसरी गोम "वाजली की साठवायची" यातच आहे. वाजताना सर्व्हरकडून आलेलं उत्तर २०६ असेल तर कॅश ते ठेवूनच घेत नाही, पुट केलं की एरर येते. तेव्हा सगळे एमपीथ्री सर्व्हिस वर्करच्या इन्स्टॉलच्या वेळीच ॲड ऑलने (सगळ्या फाइली एकदम कॅशमध्ये भरणारी आज्ञा) पूर्ण उतरवा. मग फेचमध्ये (पानाची मागणी सर्व्हिस वर्करकडे येते तिथे) रेंजचं हेडर दिसलं तर कॅशमधली फाइल ॲरे बफरमध्ये घ्या, मागितलेला तुकडा कापा आणि कंटेंट रेंज, कंटेंट लेंग्थ लावून २०६ म्हणून परत द्या. हाताने लिहायचं नसेल तर वर्कबॉक्समध्ये (सर्व्हिस वर्करसाठीची तयार लायब्ररी) यासाठी तयार प्लगइन आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! तुकडा कापून २०६ दिलं आणि विमान मोडवर साखरबाव बोलायला लागली. बहिणीचा फोन सायलेंटवरच होता. गाज निवेदनात मिसळतोय. आजोबा मध्येच खोकतात तिथे ती बरीच कामाला आली. ओळीही आता वेळेवर रंगतात.

एकच शंका. बुकिंगच्या मेसेजमध्येच पानाची लिंक पाठवली तर चालेल ना? म्हणजे पाहुणे घरूनच सगळं उतरवून येतील.

प्रतिसाद २

अँड्रॉइडवाल्यांचं बहुधा निभेल, आयफोनवाल्यांचं सांगता येत नाही. त्या पानाला हात न लावता सफारीच्या वापराचे सात दिवस गेले की ती स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसते, सर्व्हिस वर्करची कॅशसुद्धा. होम स्क्रीनवर ॲड केलेल्या पानाला ही मर्यादा नाही, पण पाहुण्यांकडून ते करवून घेणं अवघड. किल्ल्यावर जायच्या आदल्या रात्री तुमच्या वायफायवर उघडायला लावा. आणि सगळं उतरलं की पानावर ठळक "तयार आहे" असं दाखवा, नाहीतर लोक अर्ध्यावरच बंद करतात.

धागाकर्ता

मग वायफायचा पासवर्ड लिहिलेल्या कागदावरच क्यूआर छापतो. आल्याआल्या सगळे तोच आधी मागतात.