टिकटिक : हृदयाची झडप बदललेल्यांच्या घरचे अनुभव

कोकमसरबत : काल रात्री लाइट गेले. पंखा थांबला आणि भिंतीवरचं घड्याळ एकदम कानात वाजायला लागलं. पुढे झोपच नाही. बाबांची अ‍ॅओर्टिक झडप (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली) २००९ मध्ये बदलली, मेकॅनिकल. लाइट गेले की त्यांचीही अशीच टिकटिक ऐकू यायची. तोंड उघडलं की आवाज मोठा. भाची कान लावून बसायची आणि बाबा मुद्दाम ‘आ’ करायचे. बाबा जाऊन चार वर्षं झाली (झडप शेवटपर्यंत ठणठणीत, दगा फुप्फुसांनी दिला). तुमच्या घरी कोणाचं झालं असेल तर लिहा. चांगलं-वाईट सगळं.

खान्देशी_सून : नवऱ्याचं २०१६. टिकटिकीपेक्षा आयएनआरची धास्ती (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, वाढला की रक्त जास्त पातळ). २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. एकदा दाढ दुखली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल नि पेनकिलर घेऊन आला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे ना त्यांनी विचारलं, ना ह्याने सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी बेसिन लाल. हिरडीचं रक्त थांबेचना, आयएनआर ७ च्या वर! तेव्हापासून पाकिटात चिठ्ठी असते. बाकी नंतर, कुकर लावलाय.

दुपारचा_चहा : मेथी बंद केलीस का गं?

खान्देशी_सून : बंद नाही, पालेभाजीने आयएनआर खाली येतो म्हणून प्रमाण सारखं ठेवायचं. आठवडाभर काही नाही आणि रविवारी पातेलंभर अळूचं फदफदं, असं नको.

निवांत_काका : मी स्वतः पेशंट. ऑपरेशनपेक्षा खोकला वाईट. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. आणि ते तीन चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र! तिसरा चेंडू वर गेला तेव्हा शेजारच्या बेडवरून टाळ्या. तिसऱ्या रात्री ठोके वाट्टेल तसे पळायला लागले, बायको रडकुंडीला. सिस्टर म्हणाली, "काका, पुष्कळांना होतं." औषधाने दोन दिवसांत लायनीवर. झडप गाईच्या हृदयावरणाची. आईला (८९, कडक सोवळं) सांगितलं तर म्हणते, "गोमाता आहे, सांभाळून घेईल." दुसरा पर्याय डुकराचा होता हे अजून सांगितलेलं नाही.

सहज_सुचलं : हाहाहा आजी!!

पायवाट : आत्याची मांडीतून बसवली, छाती न उघडता. वय ८१. दुसऱ्या दिवशी चहा मागितला, आम्ही पेढे वाटायच्या बेतात. तिसऱ्या दिवशी ठोके ३५. झडप बसते तिथूनच ठोक्यांची वायरिंग जाते, ती दबली. पेसमेकर बसवावा लागला. सही घेताना सांगितलं होतं म्हणे, आमच्यापैकी कोणी धड वाचलंच नव्हतं. आता बरी आहे, फक्त मायक्रोवेव्हला हात लावत नाही. कितीही समजावा.

बिनसाखरेचा : दादाची झडप ‘चित्रा’, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली. परदेशी झडप तेव्हा परवडणारी नव्हती. १९९८ पासून चालू आहे, मधे त्याने दोन स्कूटर बदलल्या.

मुक्काम_सांगली : लिहू की नको करत होते. लॉकडाऊनमध्ये भाऊजींची आधी आयएनआर तपासणी सुटली, मग गोळीच बंद केली. सात-आठ आठवडे काही झालं नाही, त्यांना वाटलं लागतच नसेल. एका रात्री जाऊबाई दचकून उठल्या. आवाज नव्हता. बारा वर्षं ज्याच्यावरून कुरकुर केली तो आवाजच नव्हता. दिवा लावला तर भाऊजी पाय खाली सोडून बसलेले, धापा टाकत. झडपेवर गुठळी. ती विरघळायचं औषध दिलं, वाचले. एक बारीक तुकडा मेंदूकडे गेला, डाव्या हातात अजून कपबशी राहत नाही. जाऊबाई आता पंखा बंद करून झोपतात. मे महिन्यातसुद्धा.

कोकमसरबत : काटा आला अंगावर. त्यांना माझा नमस्कार सांग.

निवांत_काका : सांगलीकर, भाऊजींना म्हणावं डाव्या हाताने कणीक मळा. माझ्या मित्राला उपयोग झाला.

पायवाट : काका, दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं ना?

निवांत_काका : हो, तासभर आधी. पण हार्टच्या डॉक्टरांना विचारून. आणि दातवाल्यांना खुर्चीत बसायच्या आधी झडपेचं सांगायचं, तोंड उघडल्यावर बोलता येत नाही.

दुपारचा_चहा : विषयांतर, पण अळूच्या फदफद्यात मुळा कोण घालतं?

खान्देशी_सून : सासूबाई. मी काढून टाकते.