हँडब्रेकचे मॉड्यूल प्रतिसाद देत नाही. बदलण्यापूर्वी काय तपासावे?

विश्वामित्रीकाठ (समा, बडोदे)

नमस्कार. माझी 2019 सालची स्वयंचलित गिअरची गाडी असून तिचा हँडब्रेक बटणावर चालणारा, इलेक्ट्रॉनिक आहे. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी समा भागात शिरले, तेव्हा ती सोसायटीच्या आवारातच उभी होती आणि पाणी आत, सीटखालच्या कार्पेटपर्यंत आले होते. त्या वेळी सफाई करून घेतली आणि पुढे बरेच महिने काहीही तक्रार आली नाही.

या पावसाळ्यात मात्र रात्री पाऊस पडून गेला की सकाळी हँडब्रेकचा पिवळा दिवा लागतो, बटण दाबूनही ब्रेक लागत नाही, आणि दुपारपर्यंत सारे आपोआप सुरळीत होते. स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) यू 0128 हा कोड येतो. गॅरेजमध्ये तो पाहताच मॉड्यूल, म्हणजे हँडब्रेक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलावे लागेल असे सांगितले आणि एकदा बसवलेले मॉड्यूल परत घेतले जात नाही, हेही सांगितले. मी स्वतः एवढेच पाहिले आहे की बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवते आणि बॅटरी सोडवून स्कॅनरच्या सॉकेटमधील 6 व 14 क्रमांकांच्या पिनांमध्ये 61 ओहम भरतात. म्हणजे वायरिंग ठीक आणि मॉड्यूल खराब, असे समजावे का?

जुना_वायरमन (दांडिया बाजार)

तसे समजू नये. यू 0128 चा अर्थ ‘हँडब्रेकच्या मॉड्यूलकडून संदेश येत नाहीत’ इतकाच आहे, आणि ही तक्रार त्या मॉड्यूलची नव्हे, तर त्याची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कोणत्या तरी मॉड्यूलची असते. शेजाऱ्याने ‘अमक्याच्या घरून उत्तर येत नाही’ म्हटले, तर घरात माणूस नाही, दिवे गेले आहेत की दाराची घंटाच बंद आहे, हे त्या वाक्यावरून ठरत नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी पाहाव्यात. हा कोड नेमका कोणत्या मॉड्यूलमध्ये नोंदला गेला आहे? आणि बिघाड चालू असताना, म्हणजे ओल्या सकाळीच, स्कॅनरला हँडब्रेकचे मॉड्यूल उघडता येते का? तेवढे एकच मॉड्यूल उघडत नसेल आणि बाकी सगळी उघडत असतील, तर मुख्य कॅन लाइन (मॉड्यूल ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती) जिवंत आहे, आणि संशय त्या मॉड्यूलच्या वीजपुरवठ्यावर, अर्थवर (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीवर), त्या लाइनपासून त्याच्याकडे जाणाऱ्या फाट्यावर आणि सर्वांत शेवटी त्याच्यावर येतो. ते उघडत असेल आणि ‘मला इतरांचे संदेश मिळत नाहीत’ असे सांगत असेल, तर तपासाची दिशाच बदलते. दुपारी बरी झालेली गाडी तपासण्यात काही अर्थ नाही.

61 ओहमवर फार विसंबू नका. कॅन लाइनच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ते समांतर असल्यामुळे सुमारे 60 भरतात, आणि 120 भरले तर एक टोक तुटले आहे असे कळते. पण बऱ्याच गाड्यांत सॉकेट आणि ब्रेकची लाइन यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे दोन लाइनींमधले संदेश इकडून तिकडे देणारे मॉड्यूल, असतो. तुमचे 61 हे कदाचित गेटवेच्या अलीकडचेच असतील. काही गाड्यांत तर हँडब्रेकला वेगळे मॉड्यूलच नसते, ते काम एबीएसचे युनिट करते. तुमच्या गाडीत ते स्वतंत्र आहे की नाही, हे आधी वायरिंगच्या नकाशावरून पाहावे.

मांजलपूरकर

माझ्या गाडीत असाच दिवा लागत असे आणि बॅटरी बदलताच तो गेला. 12.5 हा आकडा उभ्या गाडीचा आहे. स्टार्टर मारताना तो 9.6 च्या खाली जातो का, हे पाहावे.

जुना_वायरमन

मांजलपूरकरांचे म्हणणे बरोबर आहे आणि ती तपासणी दोन मिनिटांची आहे. तरीही बॅटरी उतरली की सहसा एकच नव्हे, तर पाच-सहा मॉड्यूल एकदम तक्रार करतात, शिवाय दुपारी बॅटरी आपोआप सुधारत नाही.

पुरात सापडलेल्या गाडीत माझा पहिला संशय अर्थवर असतो. मॉड्यूलचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, तर तारेतले दहापैकी नऊ धागे गंजून गेलेल्या जोडातूनही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणून तिथे भार द्यावा. कनेक्टरच्या गाडीकडील बाजूस, प्लस आणि अर्थ यांच्यामध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावावा. तो दोन अँपिअरहूनही कमी ओढतो, त्यामुळे मॉड्यूलच्या बारीक तारेचा फ्यूज उडत नाही. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब मोटरच्या जाड तारांसाठीच ठेवावा. बल्ब पेटलेला असताना मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अर्थच्या पिनवर धरावी. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष अर्थच्या मार्गात आहे. कॅनच्या दोन तारांवर मात्र बल्ब चुकूनही लावू नये.

आणखी एक. हे सारे करताना हँडब्रेक नाही असे धरूनच चालावे: गाडी सपाट जागी, गिअर ‘पी’वर, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.

विश्वामित्रीकाठ

आज सकाळी पाऊस होता आणि दिवा लागला होता. स्कॅनरवर सगळी मॉड्यूल उघडली, फक्त हँडब्रेकचे उघडले नाही. ते मागच्या सीटखाली स्वतंत्र आहे. कनेक्टर काढून मीटर लावला तेव्हा 12.3 व्होल्ट दिसले आणि क्षणभर वाटले की गॅरेजचेच बरोबर होते. बल्ब लावला तर तो मंद पेटला, आणि अर्थच्या बाजूस 3.6 व्होल्ट भरले.

तार मागे मागे शोधत गेलो, तर ती दाराच्या उंबऱ्याजवळ कार्पेटखाली एका बोल्टवर बसवलेली निघाली. बोल्टभोवती हिरवट पापुद्रा जमला होता आणि कार्पेटखालचा फोम ओलाच होता. पुराला इतके दिवस झाल्यावर हे पाणी कुठले, हे शोधताना दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके नदीच्या गाळाने बुजलेली आढळली. पावसाचे पाणी दारात साठून आत उतरत होते. भोके मोकळी केली, बोल्ट घासून तारेच्या टोकाला नवा लग (बोल्टवर बसणारी धातूची कडी) बसवला. बल्बसह आता 0.04 व्होल्ट भरतात, मॉड्यूल उघडते आणि बटण काम करते.

जुना_वायरमन

उत्तम. फोम काढून उन्हात पूर्ण वाळवावा; वरवर कोरडा लागला तरी आत पाणी धरून राहतो. त्याच बोल्टवर दुसऱ्या तारा असतील, तर त्यांचेही लग बदलावेत. मॉड्यूलचा कनेक्टर उघडाच आहे, तोवर पिना भिंगाने पाहाव्यात, आणि कॅनची तार सांधावी लागलीच, तर दोन्ही तारांचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवावा. नंतर कोड पुसून, बॅटरी सोडवली असल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हँडब्रेक लावून-सोडून घ्यावा, आणि उतारावरची चाचणी जमल्यास पावागडच्या रस्त्यावर, पायाचा ब्रेक तयार ठेवून करावी. पुढच्या पावसानंतर काय होते, ते येथे अवश्य लिहावे.

विश्वामित्रीकाठ

परवा रात्रभर पाऊस होता. सकाळी दिवा लागला नाही, फोम कोरडा आहे. दुसऱ्या बाजूच्या दाराची भोकेही तशीच बुजलेली निघाली, तीही मोकळी केली.