रूप बदलणारी नायिका असताना खुनाचे रहस्य टिकते कसे?

प्रश्न:
पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या मर्सी थॉम्पसन या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचा २००६ साली आलेला पहिला भाग मी नुकताच वाचला. कोयोटी या लांडग्यासारख्या पण लहान प्राण्याचे रूप घेणारी, गॅरेज चालवून पोट भरणारी आणि बलाढ्य मानवलांडग्यांनाही खोचक उत्तरे देणारी ही नायिका मला मनापासून आवडली. मात्र जिला वासावरूनच माणूस ओळखता येतो, तिच्यापासून खुनी लपू कसा शकतो? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
वासावरून कोण येऊन गेले एवढेच कळते. त्याने काय केले आणि का केले, हे शोधावेच लागते. तिसऱ्या भागात तर ती वासावरून ज्याला हुडकते त्याचाच खून होतो आणि आळ येतो तिला गाड्यांचे काम शिकवणाऱ्या झी या वृद्ध कारागिरावर, त्यामुळे तिचे नाक रहस्य सोडवण्याऐवजी अधिक गुंतवते. त्या भागात लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, याची कल्पना असू द्यावी.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, पण माझ्या मते खरी गंमत तिच्या दुबळेपणात आहे. लांडग्यांपुढे कोयोटी अगदीच लहान, म्हणून जीभ हेच तिचे शस्त्र ठरते. शिवाय मर्सीचे पूर्ण नाव मर्सिडीज आणि दुरुस्त करते फोक्सवॅगन, हा विनोद मला अजूनही हसवतो. वॉशिंग्टन राज्यातील केनेविक, पास्को आणि रिचलंड या कोलंबिया नदीकाठच्या साध्या शहरांत हे सारे घडते, म्हणूनच ते पटते.